अक्कानं छाट काढलेल्या ओळी

आधी अक्काचं सांगते, गाण्याचं मागून. गाण्याचं आधी सांगायला लागले की मी त्यातच अडकते आणि मग अक्का राहूनच जाते. तशी ती सगळीकडून राहून गेलेली आहे. माझी एक छोटी रेकॉर्ड निघाली, तिच्यावर पेटीवाल्याचं नाव आहे, ढोलकीवाल्याचं आहे, कंपनीचं तर मोठ्या अक्षरात आहे. अक्काचं कुठंच नाही. आणि खरं सांगायचं तर ती नसती तर ते गाणं माझं आहे, हे मला स्वतःलासुद्धा आज सांगता आलं नसतं.

अक्का म्हणजे सोलापुरात आमच्या शेजारच्या खोलीत राहणारी बाई. नात्याची नाही, जातीची नाही, भाषेचीसुद्धा नाही. तिचं माहेर तेलंगणात, घरात तेलुगू. नवरा हातमागावर होता तो गेला, मुलगा पॉवरलूमवर लागलेला. मी वऱ्हाडातली. सहावीतून शाळा सुटली, पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, आणि आमचे हे इथल्या मिलमध्ये होते म्हणून मी इथं. माहेराला जायचं म्हणजे गाडी बदलत बदलत जायचं. आई आठवली म्हणून उठून जाता येईल असलं ते अंतर नव्हतं.

आल्या आल्या माझं बोलणं ऐकून चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मी "मले", "तुले" म्हणायची. नळावर एकीनं विचारलं, "काय गं, तुमच्याकडं सगळीच अशी बोबडी बोलत्यात का तू एकटीच?" मी घागर अर्धी भरून परत आले. दारात अक्का बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "रडती कशाला? तुझी अर्धी मराठी, माझी अर्धी मराठी. दोघी बसलो की एक होती की."

त्या दिवसापासून आम्ही दोघी एका कट्ट्यावर बसायला लागलो.

काम बिडीचं. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवून मऊ करायची, पत्र्याचा तुकडा वर ठेवून त्याच्या मापानं कातरीनं कापायची. मांडीवर सूप. चिमूटभर तंबाखू, एक वळण, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मला हे अक्कानं शिकवलं. पहिल्या दिवसांत माझ्या बिड्या पोटुशा व्हायच्या. कारखान्यात चेकर असायचा, तो जुडीवरून हात फिरवायचा आणि वाईट बिड्या बाजूला टाकायचा. त्या टाकलेल्या बिडीला छाट म्हणतात. कष्ट तुमचे, पण छाट ती छाट. चेकरपुढं तोंड उघडायचं नसतं. माझी छाट बघून अक्का घरी येईपर्यंत हसायची. "तुझी बिडी बाळंतपणाला आलीय गं."

दुष्काळ नुकताच सरला होता. दुपारी कट्ट्यावर ऊन यायचं, तेव्हा आम्ही गोणपाट बांधायचो आणि त्याच्या आड बसायचो. हात चालायचे, तोंड रिकामं. माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची, तसं माझ्या तोंडात आपोआप काहीतरी यायचं. जातं नव्हतं, कातरी होती. कातरीची चाल वेगळी. पान फिरवलं की एक ठेका थांबतो, मग पुन्हा कच, कच. त्या थांबण्यात शब्द बसवायचे.

अक्काला मराठी गाणं अर्धंच कळायचं. पण तिला हाताची चाल कळायची. मी ओळ म्हटली की ती मान न उचलता म्हणायची, "छाट." किंवा, "पास." जशी काही ती माझी चेकर. तिची कारणंही असायची. एकदा मी बराच वेळ ह्या ओळीवर अडकले:

पान कापू कापू माय, बोटाला पडली घडी…

आणि पुढं येईना. कातर धरून बोटावर एक घडी पडते, ती रात्रीतूनही मोडत नाही, त्यावरून ते सुचलं होतं. पुढं मी म्हटलं, "तुझ्या फडताळात माझी राहून गेली वडी." तेव्हा भूकच लागली असेल.

अक्का म्हणाली, "वडीसाठी आईला रडवती का? छाट."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "तुझ्या पेटीत गं माझी राहून गेली साडी."

"साडी पोस्टानं येती. छाट."

मग मी काहीतरी गाडीचं केलं. गाडी सुटली, गाडी धरली. अक्कानं नुसती मान हलवली, तोंडसुद्धा उघडलं नाही. मी वैतागून पानं कापत राहिले. आणि कापता कापता मला आमचं अंगण दिसलं. मी ठिकरी खेळत होते. कोळशानं घरं आखलेली. शेवटचं एकच घर राहिलं होतं, एक पाय उचललेला होता, आणि आईनं आतून हाक मारली. पाहुणे आले होते. मला बघायला आले होते, ते मला नंतर कळलं. मी पाय खाली टेकला आणि घरात गेले. तो डाव कुणी पुरा केला, कुणी पुसला, कोण जाणे. मी परत त्या अंगणात ठिकरी खेळले नाही.

पान कापू कापू माय, बोटाला पडली घडी
तुझ्या अंगणात माझी, राहून गेली उडी

अक्काची कातर थांबली. तिनं पास म्हटलं नाही, छाटही म्हटलं नाही. विचारलं, "उडी म्हंजे हे ना?" आणि बसल्या बसल्या दोन बोटं सुपाच्या काठावरून उडवून दाखवली. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "पुढचं कर." मग पुढचं आलं:

शेवटलं घर माय, कोळशानं आखलं होतं
पाहुणे आले तवा, पाऊल उचललं होतं

ही अशी गाणी. कुठं लिहून ठेवायची हे मनातही आलं नाही. दोघींच्या तोंडात होती, तेवढं पुरे होतं.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीनं लाऊडस्पीकर आणला. रेडिओ-रेकॉर्डचं दुकान असलेला एक माणूस, तोच भाड्यानं स्पीकर द्यायचा. कपाळाला विभूती, बोलणं अर्धं कानडी वळणाचं, माणूस भला. तो माईक तपासत "हॅलो, हॅलो" करत होता. अक्कानं मला मागून धक्का दिला. "जा की! तो काय नुसतं हॅलोच म्हणत बसणार का?"

मी म्हटलं, "अक्का, नको गं, सगळ्या हसतील."

"हसू दे. तोंडाला पदर लावून हसत्यात, दिसत नाही."

मी गायले. माईक कुठं धरायचा ते माहीत नव्हतं, मी तो सुपासारखा मांडीवर धरला. दुकानदार आला, त्यानं तो उचलून तोंडापुढं धरला आणि तसाच उभा राहिला. गाणं संपल्यावर म्हणाला, "वैनी, हे परत म्हणा. मागं कालवा लई हाय, मला नीट ऐकायचंय."

मुंबईची एक रेकॉर्ड कंपनी बायकांची लोकगीतं शोधत होती आणि हा माणूस त्यांच्या रेकॉर्डी विकायचा. चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढायची, दोन्ही बाजूंना दोन दोन, त्याला तो ई.पी. म्हणायचा. आमच्या ह्यांना आधी वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. मग वाटलं फसवतंय. मग गावाकडं काय म्हणतील ह्याची काळजी. मला तर सगळ्याचीच काळजी. माझी मुलगी आता अंगावर पीत नव्हती, पण लहान होती. कारखान्यात कामाचा खाडा पडला तर नाव काढतील ही भीती होती. अक्का म्हणाली, "पोरगी माझ्याकडं. तुझं पान माझ्याकडं. तू जा, गा, ये." आणि तिनं खरंच स्वतःचं काम करून माझंही केलं, माझ्या पोरीला मांडीच्या एका बाजूला आणि सूप दुसऱ्या बाजूला घेऊन. ते मला नंतर चाळीतल्या बायकांनी सांगितलं. अक्का नाही बोलली.

मुंबईचं मला फार काही आठवत नाही. एक बंद खोली होती, भिंतींना कापड लावलेलं, आत हवा नव्हती. काचेपलीकडं एक माणूस होता तो हातवारे करायचा. आमचे हे दाराशी चपला हातात धरून उभे होते, कुणीतरी त्यांना सांगितलं चपला घाला म्हणून, तरी घालेनात.

मला गाताच येईना. हात रिकामे होते. ठेका सुटायचा. मी भीत भीत विचारलं, "मले… मला हातात काही मिळंल का? पान, कागद, काही." एकानं वर्तमानपत्र दिलं. मी त्याचे तुकडे करायला लागले तर काचेमागचा माणूस ओरडला, कागदाचा आवाज येतोय म्हणाला. शेवटी मी पदराचं टोक घेतलं आणि त्याचीच बिडी वळत वळत गायले.

चाल लावणारे पेटीवर बसले होते. चांगले गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, गाणं सुरेख आहे, पण हे पान कापू कापू काय आहे? विड्याचं पान वाटतं. वेगळाच अर्थ होतो." मी म्हटलं, बिडीचं. ते म्हणाले, "बिडी नको. बाईमाणसाच्या गाण्यात बिडी बरी नाही दिसत. दळण करा. दळण दळू दळू माय. कव्हरवरही जातंच आहे." मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी चपलांकडं बघितलं. मी दळण म्हटलं.

आणि मग निघताना एक माणूस पेन घेऊन आला. त्यानं माझं नाव विचारलं, लिहिलं. मग विचारलं, "गाणी कोणाची?"

आता हे मला नीट सांगायचं आहे, कारण सगळं इथंच झालं. आमच्याकडं ओवी माझी असं कुणी म्हणत नाही. ती तोंडात आलेली असते. माझी आई सकाळच्या दळणात नवी ओवी म्हणायची, आणि कुणी विचारलं कुणाची, तर म्हणायची, जात्याची. 'मी केली' असं म्हटलं की ओवी रुसते, पुन्हा येत नाही, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. चारचौघांत माझं माझं करणं हे जेवताना आधी आपलं ताट वाढून घेण्यासारखं. त्या पेनवाल्या माणसापुढं माझ्या तोंडातून आईचंच उत्तर निघालं. म्हटलं, "जात्यावरची हायेत."

त्यानं मान हलवली, काहीतरी लिहिलं. झालं.

रेकॉर्ड आली तेव्हा दुकानदार स्वतः चाळीत घेऊन आला. कव्हरवर एक गोरीपान बाई होती, नऊवारी, नाकात नथ, जात्याचा खुंटा धरून हसत होती. जात्यात दाणा नव्हता. ती मी नव्हते. ते मला लागलं नाही, मी त्या कव्हरवर शोभले नसते. मी मधला गोल कागद बघितला. माझं नाव होतं, गायिका म्हणून. त्याच्या खाली लिहिलं होतं: गीत – पारंपरिक.

मला सहावीपर्यंतचं वाचता येतं. तो शब्द मी दोनदा वाचला. दुकानदाराला विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हंजे जुनं. कुणाचं एकाचं नाही असं."

"पण हे मी केलंय."

तो म्हणाला, "वैनी, तुम्हीच सांगितलंत की तितं. मी पत्र बघितलंय त्यांचं. गायिकेनं गीतं जात्यावरची असल्याचं सांगितलं, असं लिवलंय."

मी म्हटलं, तसंच म्हणतात आमच्याकडं. तो म्हणाला, "हां, पण मुंबईला ते कुटं ठावं?" आणि मग जरा हळू म्हणाला, "आता छापून झालंय. परत छापतील तवा बघू. सांगून ठेवतो."

अक्कानं त्याला लगेच दुकानात नेऊन रेकॉर्ड लावायला लावली. मशीनपुढं सगळी चाळ जमली. माझा आवाज त्या कर्ण्यातून आला तेव्हा मला माझाच परका वाटला. बायका म्हणाल्या, "काय गं गळा!" ज्या नळावर हसल्या होत्या त्याच. अक्का मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पान कुटं गेलं? हे दळण कुटनं आलं? दळल्यावर बोटाला घडी पडती का? फोड येतो की!"

मी म्हटलं, "राहू दे अक्का."

रेकॉर्ड चालली. म्हणजे इतकी चालली की मला भीती वाटायला लागली. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापाशी लागायची, लग्नाच्या मांडवात लागायची, चहाच्या हॉटेलात लोक मागून मागून लावायला सांगायचे. वळसंगच्या एका लग्नाला आमचे हे गेले होते, तिथं नवरीच्या पाठवणीला लावली म्हणे, आणि नवरीची आई एवढी रडली की तिला धरून बसवावं लागलं. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू. पण कुणी विचारलं, हे गाणं कुणाचं, तर मला तोंड उघडता यायचं नाही. उघडलं तरी कुणी ऐकायचं नाही.

एकदा नळावर एक नवीन राहायला आलेली बाई हेच गुणगुणत होती. मी न राहवून म्हटलं, "ते माझं गाणं आहे."

"व्हय, ऐकलंय की तुमी गायलंय त्ये."

"नाही, मी केलंय. शब्द."

ती हसली. हसणं वाईट नव्हतं. "अवो, काय तरीच. हे तर माझी आज्जी म्हणायची. मोडनिंबला. मला चांगलं आठवतंय, मला मांडीवर घेऊन म्हणायची."

तिच्या आजीला खोटं कसं पाडणार? आणि तिच्या डोळ्यात पाणी होतं, ती काही ठरवून बोलत नव्हती. मी घागर भरली आणि आले.

मग दुकानदार एक दिवस म्हणाला की दुसरी एक मोठी गायिका हेच गाणं भरपूर वाद्यं घेऊन गाणार आहे. पारंपरिक आहे तेव्हा कुणीही गाऊ शकतं. तो सांगताना माझ्याकडं बघत नव्हता, रेकॉर्डच्या मशीनच्या सुया पुसत होता. मी विचारलं, "आपण काही करू शकतो का हो?" तो म्हणाला, "पुरावा काय हाय वैनी? मी मानतो तुमचं. पण मी मानून काय उपयोग?"

पुरावा. तो शब्द घेऊनच मी घरी आले. माझ्याकडं काय होतं? बोटावरची घडी होती. तीही गाण्यातून गेली होती, म्हणजे घडी राहिली होती पण पान गेलं होतं. अंगण वऱ्हाडात होतं. मग मला वाटलं, आई. आई आहे की. तिनं माझी उडी राहिलेली बघितलीय. तिला सगळं माहीत आहे. तिच्याकडं नुसतं गेलं की झालं.

त्या उन्हाळ्यात चुलतभावाचं लग्न होतं. मी मुलीला घेऊन गेले. लिंबाला कर्णा बांधलेला होता आणि मांडवात पोचायच्या आधीच माझं गाणं कानावर आलं. माझ्या गावात माझा आवाज. बायकांनी मला घेरलं. "आली का व! कसं म्हटलं व बाई, आपल्या इकडचंच म्हटलं!"

मी म्हटलं, "काकू, हे मी केलं."

काकूनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तू म्हटलं व. केलं कसं? हे तं माही आत्या म्हने. बोरगावची. जातं घरघरलं का हेच चालू."

दुसरी म्हणाली, "माही माय म्हने." तिसरीनं सांगितलं तिची सासू म्हणायची. स्पीकरवाल्यानं कव्हर काढून वाचून दाखवलं, "पाहा ना, लिहेलच हाय. पारंपरिक." सगळ्यांनी मान डोलावली. छापलेलं होतं.

मी आईकडं वळले. ती पोळपाटाशी बसली होती. "माय, तू सांग या बायाइले."

आईनं हात थांबवला. मांडवभर बायका होत्या. ती म्हणाली, "जात्यावरचं जात्याचंच असते, बाई."

मला कळलं ती का असं म्हणाली. तिनं मला तसंच वाढवलं होतं. चारचौघांत तिची लेक माझं माझं करत होती. मी तिच्याशेजारी बसून पोळ्या शेकायला लागले. पण दुसऱ्या दिवशी मांडव उतरल्यावर आम्ही दोघीच होतो, भांडी घासत होतो, तेव्हा मी विचारलं, "माय, आता कोनी नाही. तुले आठोते का, मी ठिकरी खेळत होती, अन् पाहुने आले, अन् तू हाक मारली? एक घर राह्यलं होतं."

आई तवा घासत राहिली. "पाहुने तं सगळ्याइच्याच घरी येतात, पोरी."

"पण गाणं? हे तू आधी कधी ऐकलं होतं का?"

तिनं खूप विचार केला. माझं मन राखायला तिला काहीतरी बोलायचं होतं, आणि खोटंही बोलायचं नव्हतं. शेवटी म्हणाली, "आता मले काय आठोते? ऐकल्यासारखं तं वाटते बाप्पा. माही सासू असंच काहीतरी म्हने."

परतीच्या गाडीत मुलगी झोपली होती आणि मी खिडकीशी बसून होते. मला काही सुचेना. एवढ्या बायका म्हणतात. आई म्हणते. छापलेलं आहे. मग माझंच चुकत असेल. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलं असेल, विसरले असेन, आणि कट्ट्यावर बसल्यावर ते वर आलं असेल. मी आपली समजत बसले की मी केलं. दौंडला गाडी थांबली तोवर मला ते जवळजवळ पटलं होतं. आणि पटलं तेव्हा असं वाटलं की शाळा सुटली, अंगण सुटलं, आणि आता हेही कधी माझं नव्हतंच.

सोलापूरला आल्यावर मी गायची बंद झाले. ठरवून नाही. तोंडात काही येईना. सूप मांडीवर घ्यायची, कातर चालायची, मधला ठेका यायचा आणि तसाच रिकामा जायचा. ओवी रुसली असेल असंही वाटायचं. मी 'मी केलं' असं म्हटलं होतं ना.

अक्कानं पाऊस सुरू होईपर्यंत वाट बघितली. मग एक दिवस पान कापता कापता म्हणाली, "एमे, पाटा कुटं गेली तुझी?" पाटा म्हणजे गाणं, तेवढं तेलुगू मला यायला लागलं होतं.

मी म्हटलं, "अक्का, ते गाणं माझं नव्हतंच."

"काय?"

"सगळ्यांच्या आज्या म्हणायच्या. माझी आजी पण म्हणायची. आई म्हणाली. मी लहानपणी ऐकलं असणार."

अक्कानं सूप खाली ठेवलं. ती सूप कधी खाली ठेवायची नाही, पाहुणा आला तरी. तिनं माझ्याकडं बघितलं आणि गायला लागली. तिला गाता येत नव्हतं. आवाज तंबाखूनं भरलेला, शब्द तेलुगू वळणाचे. पण चाल कातरीची, अगदी तंतोतंत, पान फिरवताना थांबते तिथंच थांबणारी.

पान कापू कापू माय, बोटाला पडली घडी
तुझ्या फडताळात माझी, राहून गेली वडी

ते मी विसरून गेले होते.

ती थांबली नाही. पुढं साडीचं म्हटलं. मग गाडीचं, जे मलाही पुरतं आठवत नव्हतं ते. जशी मी चुकत गेले तशी ती एकेक चूक ओळीनं म्हणत गेली. मग शेवटी उडी म्हटली आणि सुपाच्या काठावरून दोन बोटं उडवून दाखवली.

"आता सांग की," ती म्हणाली. तिला राग आला होता. "तुझी आज्जी वडी म्हटली व्हती का? त्या नळावरच्या बाईची आज्जी साडी म्हटली व्हती? जुन्या गाण्याला छाट असती का? छाट काढली कुणी? मी काढली! मी हितं बसून छाट काढली, आणि तू म्हणती तुझं नाही?"

मी तोंडाला पदर लावला. अक्का म्हणाली, "आता तरी दिसू दे, रड. पण काम कर रडता रडता, पान वाळतंय."

मी दुकानदाराला जाऊन हे सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. हसला नाही. म्हणाला, "खरं हाय वैनी, मला पटतंय. पण हे मी मुंबईला काय म्हणून कळवू?" ते त्याचंही बरोबर होतं. त्या मोठ्या गायिकेची रेकॉर्ड निघाली. आता लग्नात तीच लागते. तिच्यात सनई आहे, आवाज माझ्यापेक्षा फार चांगला आहे. तिच्यावरही पारंपरिकच लिहिलं आहे, आणि दळणच आहे. माझी छोटी रेकॉर्ड कुणाकडं असेल तर असेल. एक माझ्याकडं आहे, पण ती वाजवायला आमच्याकडं मशीन नाही.

मी अजूनही कुणाला सांगताना अडखळते. कुणी म्हटलं, हे जुनं आहे, तर वाद घालत नाही. त्या बायकांचंही त्यांच्या अंगणात काही ना काही राहिलेलं असणारच. पण रात्री मुलीला झोपवताना मी पान कापू कापू म्हणते, दळू दळू नाही. आणि पहिल्यांदा वडीचं म्हणते. मुलगी हसते. तिला वडीचंच जास्त आवडतं.

अक्काचा मुलगा भिवंडीला गेला, तिकडं माग जास्त आहेत म्हणून, आणि अक्कालाही घेऊन गेला. जाताना तिनं तिची कातर मला दिली, माझी बोथट होती ती घेतली. म्हणाली, तिकडं काय बिडी वळायचीय मला. तिला खोकला फार येत होता. मला काळजी वाटते. पत्र टाकलं तर तिला मराठी वाचता येत नाही, मुलाला वेळ नाही.

तिनं माझं गाणं जी भाषा तिची नाही तिच्यात पाठ केलं, चुकांसकट. मी तिच्या भाषेत एक ओळसुद्धा केलेली नाही. तिलाही एक अंगण होतं, तेलंगणात कुठंतरी, ती लहान असताना आई मागावर बसायची आणि ही दारात बाहुली घेऊन बसायची, एवढं ती एकदा बोलली होती. ते गाणं मी करणार आहे, तेलुगूत. मागच्या गल्लीतल्या एका म्हातारीकडून शब्द विचारून घेते आहे. अम्मा माहीत होतंच. घरापुढच्या अंगणाला वाकिली म्हणतात. उडीला काय म्हणतात ते अजून विचारायचं आहे. झालं की भिवंडीला जाईन, तिच्यापुढं बसेन आणि म्हणेन. कुणाचं आहे विचारलं तर ह्या वेळी जात्याचं म्हणणार नाही. अक्का, माझं आहे म्हणेन, तुझ्यासाठी केलंय. आणि तू छाट म्हणालीस तर पुन्हा करेन.